खुलासा: अपघातानंतर उतरलेली किंमत विमा भरून देत नाही

‘कर्जावरच्या गाडीला अपघात झाला की तिची उतरलेली किंमत विमा कंपनी देते आणि तोवर हप्ते थांबतात’ हा मेसेज चुकीचा आहे. पॉलिसी उघडून बघा: घसारा (वापराने आणि काळाने घटणारी किंमत) आणि ओघाने होणारं नुकसान (अपघातामुळे पुढे अप्रत्यक्षपणे होणारा तोटा) त्यात स्पष्ट वगळलेलं असतं. मिळतो तो दुरुस्तीचा खर्च. गोंधळ बहुधा ‘झिरो डेप’ या जादा कव्हरमुळे होतो, पण त्याने फक्त दुरुस्तीत बदललेल्या पार्टच्या किमतीतून घसारा कापला जात नाही, गाडीच्या रिसेल किमतीचा त्याच्याशी संबंध नाही.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत ठरलेली गाडीची विमा रक्कम) ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा असल्याने विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात आणि कर्ज उरलंच तर ते आपल्याच खिशातून. हप्ते चालूच राहतात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.