पहिला पैसा शिलाईला द्या

कपाट नवं करायचं असेल तर पहिला पैसा शिलाईला द्या, कापडाला नंतर. सणावाराच्या तोंडावर मैत्रिणींच्या प्रत्येक ग्रुपवर "स्वस्तात नवीन काय घेता येईल?" हा प्रश्न फिरतोय, म्हणून आज सविस्तर लिहिते. माझं स्पष्ट मत आहे की आपल्यापैकी बहुतेकींना नवीन घ्यायची गरजच नाही. आईच्या सुती साड्या, सासूबाईंची इरकल, मानपानात आलेल्या आणि अजून घडीही न मोडलेल्या साड्या, ओटीतले ब्लाउजपीस... घरोघरी एवढं कापड पडून आहे. मग ते अंगावर का येत नाही? ब्लाउज घट्ट झालाय, फॉल सुटलाय, कुर्त्याची चेन गेलीय, सलवारीची फॅशन गेलीय. म्हणजे अडलंय ते शिवणापाशी.

सुरुवात ब्लाउजपासून करा. जुना ब्लाउज उलटा करून बाजूची शिवण बघा. चांगल्या टेलरने आत दीड-दोन इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवलेली असते. ती उसवून सोडली की पाच-सात वर्षांपूर्वीचा ब्लाउज आजही बसतो. माया नसेल तर बगलेपासून कमरेपर्यंत वेगळ्या कापडाची पट्टी जोडता येते, हात खाली असताना ती दिसतही नाही. आणि प्रत्येक साडीला तिचाच ब्लाउज हा हट्ट सोडा. एक काळा, एक मोतिया आणि एक खणाचा, एवढे तीन ब्लाउज नीट मापाचे, अस्तर लावून शिवून घेतले की कपाटातल्या निम्म्या साड्या पुन्हा नेसता येतात. खण मात्र बघून घ्या. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण अजून मिळतो; बाजारात खणाची नक्षी छापलेलं पॉलिस्टरही त्याच नावाने विकतात. उन्हाळ्यात अंगावर घातलं की फरक लगेच कळतो.

आता साडीचा कुर्ता. यात जरा रमणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त कापड वाया जाताना मी बघते. साडी कापायला देण्याआधी खिडकीपाशी उजेडात धरा आणि घड्यांच्या रेषा बघा. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की तिथेच विरतं. सुती साडी टाचेपाशी आणि कमरेला खोचायच्या जागी आधी जाते, निऱ्यांचा भाग बहुतेक वेळा धडधाकट असतो, म्हणून कुर्ता निऱ्यांच्या भागातून काढायला सांगा. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण पंचेचाळीस इंच असतो. कुर्त्याची उंची त्याच दिशेने धरली की खालचा काठ आपोआप घेरावर येतो. वरचा काठ कापून बाह्यांना लावता येतो. पदराचा दुपट्टा करा किंवा गळ्याखाली पट्टा घ्या. अस्तर पातळ सुती घ्यावं आणि ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच टेलरकडे न्यावं. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड चुण्या पडून लोंबतं. साडीच्या सुती फॉलचंही तसंच आहे, नवा फॉल भिजवल्याशिवाय कधीच लावू नये.

आणि हो, टेलरला खिसे सांगा. दोन्ही बाजूंना, मोबाइल पूर्ण आत जाईल एवढे खोल. रेडिमेड कुर्त्यांमध्ये बायकांना खिसा का देत नाहीत याचं पटेल असं उत्तर मला कुणीही दिलेलं नाही. जुन्या कुर्त्यालाही बाजूची शिवण उसवून खिसा घालता येतो. अशा एका खिशाने कपडा रोजच्या वापरात परत आलेला मी पाहिलाय.

सगळंच कापायचं नाही, हेही तितक्याच जोरात सांगते. आजीची पैठणी धड असेल तर तिचा लेहंगा करू नका. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा, नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. प्रत्येक रंगाचा धागा हाताने गुंतवत येवल्याच्या विणकराने ते केलेलं असतं. इरकलीतही तसंच: अंगाचे ताण्याचे (उभे) धागे आणि पदराचे धागे एकमेकांत फासासारखे अडकवून जोड केलेला असतो, त्याला टोपी-तेणी म्हणतात. ती जोडाची रेघ शोधा आणि एकदा बोट फिरवून बघा. असं काम तुमच्या कपाटात असताना ते कापून पाच दिवसांच्या फॅशनची पर्स करायला मन कसं धजावतं, मला समजत नाही. साडी विरलीच असेल तर गोष्ट वेगळी. मग काठ वाचवा, पदर वाचवा. आणि "जुन्या जरीच्या साड्या घेतो" म्हणत दारात येणाऱ्याला घाईने देऊ नका. खरी जुनी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. ती जाळून चांदी काढतात, साडी कायमची जाते.

रंग उडाला असेल तर डाय करून घ्या. दुपट्टे रंगवणाऱ्या दुकानात सुती कुर्ताही घेतात, गडद निळा किंवा काळा सांगितला की डाग झाकले जातात. फक्त कापड खरंच सुती आहे का ते पाहा. आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळला की कळतं. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला केस जळल्यासारखा. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते, आणि त्यावर सुताचा रंग चढत नाही.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

दोनशे नव्व्याण्णव रुपयांची कुर्ती. त्यात कापड आलं, रंग आला, शिवण आली, बटणं आली, पॅकिंग आलं, घरपोच आणून देणारा मुलगा आला, विकणाऱ्याचा नफा आला. मग शिवणाऱ्या बाईच्या हातात काय पडलं असेल? 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक माणसं गेली. त्यात बहुतेक कपडे शिवणाऱ्या बायका होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, शिवणकामाच्या मजुरांना मात्र कामावर यायला भाग पाडलं. पाश्चात्त्य देशांत विकले जाणारे स्वस्त कपडे तिथे शिवले जात होते. कपडा फार स्वस्त मिळाला की त्याची उरलेली किंमत कुणीतरी दुसऱ्याने भरलेली असते, हे त्या दिवसानंतर कुणाला सांगायची गरज उरू नये.

पण मला बांगलादेशावरच थांबायचं नाही. आपल्या गल्लीत, सोसायटीच्या मागच्या चाळीत, घरच्या घरी मशीन टाकून शिवणाऱ्या ताई आहेत. मॉलमध्ये छापील किमतीला एक शब्द न बोलता पैसे देणाऱ्या आपण, या ताईंशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. "एवढ्याशा उसवणीचे साठ रुपये?" असं म्हणतो. उसवणं हे शिवण्यापेक्षा किचकट काम आहे. जुना धागा कापडाला धक्का न लावता काढायचा, खुणा पुसायच्या, नव्या मापाने पुन्हा शिवायचं. म्हणून तर कितीतरी टेलर आता दुरुस्तीची कामं घेतच नाहीत. नव्या ब्लाउजचे जास्त मिळतात, दुरुस्तीला वेळ तेवढाच जातो आणि गिऱ्हाईक वर तोंड वाकडं करतं. दुरुस्ती करणारी माणसं टिकायला हवी असतील तर दुरुस्तीला पैसे द्यावे लागतील, दुसरा मार्ग नाही. मी आमच्या ताईंना अर्धे पैसे आधी देते, कपडा देताना तारीख त्यांनाच ठरवू देते आणि लग्नसराईत "उद्याच हवंय" म्हणत नाही. त्याबदल्यात मला कपड्याचा सल्ला असा मिळतो जो कुठल्याही दुकानात मिळणार नाही. "हे कापड घेर धरणार नाही, सरळ कट घ्या," असं त्या स्पष्ट सांगतात.

'सस्टेनेबल' म्हणून पाच-सहा हजारांना विकल्या जाणाऱ्या कुर्त्यांबद्दलही बोलायला हवं. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावेत, ते बनवणाऱ्या काही जणी प्रामाणिकपणे काम करतात. पण महिन्याला वीस-बावीस हजार मिळवणाऱ्या मुलीला "नैतिक कपडे घालायचे तर हे घे" असं सांगणं मला पटत नाही. तिच्याकडे आहे तो कुर्ता आणखी तीन वर्षं टिकवणं हे या सगळ्यापेक्षा मोठं काम आहे, आणि ते तिला परवडतं.

अदलाबदलीचं आपल्याकडे उगाच वावडं आहे. "दुसऱ्याच्या अंगावरचं घालू नये" असं ऐकत आपण वाढलो, पण त्याच घरांत तान्ह्या बाळाला पहिल्यांदा गुंडाळतात ते आजीच्या जुनेरात. दुपटी, झबली, लंगोट सगळं मऊ झालेल्या जुन्या साडीचं. जे कापड आठ दिवसांच्या बाळाला चालतं ते आपल्याला का चालू नये? आमच्या ओळखीतल्या काही जणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाऐवजी प्रत्येकीने धुतलेली, इस्त्री केलेली एक साडी आणायची आणि दुसरीची घेऊन जायची, असं करतात. हे मला मनापासून आवडलंय. प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या वाटण्यापेक्षा कितीतरी चांगलं. ओटीतले ते कडक, घाम न शोषणारे ब्लाउजपीस वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरत राहतात, कुणीच शिवत नाही. ते देणं बंद करूया. त्याच पैशात शिवता येईल असा एकच बरा सुती पीस द्या. घरात साठलेल्यांचं पायपिंग, पिशव्यांचं अस्तर, साडी ठेवायची कव्हरं असं काहीही होतं.

द्यायचे कपडे धुऊन, बटणं लावून द्या. पूर आला की फाटके, मळके कपडे ट्रकमध्ये भरून पाठवणं ही मदत नाही, तिथल्या लोकांना ते उचलून फेकायचं जास्तीचं काम लागतं. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेने यावर फार चांगला विचार केलाय. ते कपडे फुकट वाटत नाहीत, गावाने विहीर, रस्ता, बांध असं स्वतःचं काम केलं की त्याचा मोबदला म्हणून देतात, आणि उरलेल्या सुती कापडापासून पाळीसाठी पॅड बनवतात. भांड्यांवर कपडे घेणारी बोहारीण अजून येत असेल तर तिलाही द्या. तिने नेलेले कपडे दुरुस्त होऊन पुन्हा कुणीतरी घालतं. मात्र स्टीलच्या पातेल्यासाठी तिच्याशी तासभर हुज्जत घालू नका.

आणि एवढं करूनही नवीन घ्यावंसं वाटलं, तर वर्षातून एक घ्या आणि हातमागाचं घ्या. देशात 2019-20 मध्ये झालेल्या हातमाग गणनेत 35 लाखांहून जास्त लोक या कामात होते आणि त्यात सुमारे 72 टक्के बायका. बहुसंख्य विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत होती. सातशे-आठशेच्या तीन पॉलिस्टर कुर्त्यांच्या पैशात एक चांगली सुती हातमागाची साडी येते. पुढे तिचाच कुर्ता होतो, मग उशीचे अभ्रे, मग गोधडी.

दिवाळीच्या आधी टेलरकडे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा गणपती झाले की लगेच कपडे टाका. आणि एक विचारायचंय. आईच्या चंदेरी साडीला निऱ्यांच्या जागी कसर लागलीय, बारीक छिद्रं आहेत, पण बाकी साडी उत्तम आहे. पुण्यात रेशमावर बारीक रफू करणारं कुणी माहीत असेल तर दुकान आणि पेठ सांगा. शिलाई ते सांगतील ती.