म्हणे ताण घेऊ नका!

आज सोसायटीच्या हॉलमध्ये 'निरोगी जीवनशैली' या विषयावर व्याख्यान होतं. रविवार म्हणून ताई बदलापूरहून आली होती, तिलाही ओढून नेलं. वक्ते सडसडीत, गोड बोलणारे, आणि पडद्यावर अॅव्होकाडोचे फोटो. शेवटी ताईने धीर करून विचारलं, काही केल्या वजन का उतरत नाही? उत्तर आलं, "काकू, रात्री सातच्या आत जेवा, भात बंद करा, आणि मुख्य म्हणजे ताण घेऊ नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच, टाळ्या!

सातच्या आत म्हणे. सात वाजता माझी ताई घाटकोपर आणि ठाण्याच्या मध्ये कुठेतरी लेडीज डब्यात एका पायावर उभी असते. तिथे उघडायचा का डबा?

पहाटे साडेचारला उठते ती. सगळ्यांचे डबे, मग अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं आवरणं, मग दीड तासाची लोकल. घरी यायला साडेआठ. मग पुन्हा सासूबाईंना भरवणं, भाचेसाहेबांचं वेगळं पान, भाऊजींचं वेगळं. दहाच्या पुढे ओट्याशी उभ्या उभ्या ती जेवते, उरेल ते. आणि काय उरतं? भात. आमटीतली डाळ तोवर सगळ्यांच्या पानात गेलेली असते, हिच्या वाटीत पाणी. म्हणजे दोष भाताचा की डाळ तिच्यापर्यंत पोचत नाही त्याचा?

आपल्या आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) हिशेब वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं असा आहे. साठ किलोच्या बाईला ५० ग्रॅम. एक अंडं ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७-८, वाटीभर घट्ट वरणही तेवढंच. ताईच्या पोटात याच्या निम्मं तरी जातं का, मला शंका आहे. क्विनोआ आणि चियासारखं परदेशी धान्य-बियाणं कशाला हवंय? ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ आपल्याकडे आहे की. पण ती उसळ मोड आणून, शिजवून, वर पहिली तिने खायची, असं घरात कोणाच्या डोक्यात तरी येतं का?

२०१८-१९ च्या सुमारास घराघरात वजन उतरवायला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा आहार की ऋजुता दिवेकरांचा, अशी भांडणं चालली होती, आठवतंय? ताईने दोन्ही करून पाहिलं. दीक्षितांचं दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. अहो, तिला ५५ मिनिटं कोणी बसू दिलं तर मी पेढे वाटीन! दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खा. तिच्या काउंटरवरची रांग थांबणार आहे का त्यासाठी? दोघांचंही कोणाला ना कोणाला लागू पडलं असेल, माझं भांडण त्यांच्याशी नाही.

बरं, चहा. मान्य. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम तिथेच झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ च्या आत राहिलात तर उत्तम. शिवाय सोबतची बिस्किटं. कमी करायलाच हवं, मी तिला बोललेही आहे. पण ती एवढा चहा का पिते? झोप पाच तास, म्हणून. अपुऱ्या झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं. ताण सतत असला की कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं आणि चरबी पोटावर साठायला लागते. आपल्याकडच्या बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत हवा, हे त्या वक्त्यांनी सांगितलं. ते बरोबरच आहे. पण ताई किती वाजता झोपते, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. आणि 'ताण घेऊ नका'? ताण काय ती मंडईतून पिशवी भरून घेऊन येते?

आता राग जरा उतरलाय, म्हणून पुढचं लिहिते. घरी येताना रिक्षात ताई म्हणाली, "बरोबरच बोलत होते गं ते. माझाच जिभेवर ताबा नाही." मला काही बोलताच आलं नाही. ओट्याशी उभी राहून उरलेलं खाणारी बाई म्हणतेय, माझाच ताबा नाही. हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं? आपणच. लग्नकार्यात भेटल्या भेटल्या "अगं, किती सुटलीयेस!" म्हणणारे आपणच ना?

भाऊजी, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. रात्री आईंना भरवायचं काम उद्यापासून तुम्ही घ्या, तुमच्याच आई आहेत. या आठवड्यात एक रजा टाका आणि ताईला घेऊन जाऊन थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून आणा. आणि चिरंजीवांना सांगा, आमटी वाढताना पळी तळापर्यंत घालून आधी आईच्या वाटीत. कॉलेजात जातो, एवढं जमेल त्याला.

ताई चिडणार आहे माझ्यावर. चिडू दे.