दाढ ठणकून राहिली? डेंटिस्टकडे कायले जाता!

भाऊ, गाल फुगून इकडचा डोळा बारीक झाला ना? टेन्शन नका घेऊ, आणि डेंटिस्टकडे तर मुळीच जाऊ नका, तो खुर्चीत आडवं पाडून दाढ उघडेल, पू काढेल, रूट कॅनल कर नाहीतर उपटून टाक म्हणेल, एवढी झंझट कोण करते बाप्पा. सरळ चौकातल्या औषधाच्या दुकानात जा, गाल दाखवा, "दाताच्या चार गोळ्या द्या" म्हणा. तो चिठ्ठी मागत नाही, देवमाणूस आहे. कात्रीनं गोळ्यांचा पत्ता कापून देईल, नेमका एक्सपायरीची तारीख छापलेली नसलेला तुकडा. मागे लाल उभी रेघ दिसेल, डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणून छापतात ती, आपण डिझाईन समजायची.

आता गोळी जाते रक्तातून, आणि सडलेल्या दाढेतली नस तर कधीचीच मेली, तिथे रक्तच पोचत नाही, म्हणजे जंतू आत आरामात बसून. पण बाहेरची सूज उतरते, बरं वाटते, बस, आपल्याला तेवढंच पाहिजे! उरलेल्या दोन गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात ठेवा, वहिनीचा घसा धरला की कामी येतील. अशा अर्ध्यामुर्ध्या डोसानं जंतू औषधाला सरावतात हे खुद्द पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगनं १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणात सांगून ठेवलं, पण त्याला काय माहीत आपल्याकडचं.

तोंडात छाले आले तरी तीच गोळी, अमॉक्सिसिलीन नावाचं अँटिबायोटिक. जिभेवर पांढरा थर आला तरी तीच, तो बुरशीचा असला तर अँटिबायोटिकनं आणखी वाढते, वाढू द्या. खर्रा मात्र बंद करायचा नाही, पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू दुखऱ्या बाजूला नको, दुसऱ्या गालात धरा, एवढं पथ्य पुष्कळ झालं.

आणि हनुवटीखाली लाकडासारखं कडक झालं, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळवेना, श्वास लागून राहिला, तरी आधी दुकान उघडं आहे का ते पाहा. मग रात्री घरचे मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, उचलून नेतीलच. त्याच आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, कोणी म्हणालं की आठ दिवस आधी दिवसाउजेडी इथेच आला असता तर स्वस्तात निपटलं असतं, तर उत्तर द्यायची गरज नाही, तसंही तोंड उघडत नसेलच.