पोरीनं बसावं कुठं?

परवा भावानं माझ्या भाचीचा मोबाइल हिसकून कपाटात ठेवला, वरून कुलूप. पोरगी बारावीला आहे. गुन्हा एवढाच की इन्स्टाग्रामवर तिचं खोट्या नावाचं अकाउंट सापडलं.

मी ते सगळं पाहिलं. चेहरा एकाही व्हिडिओत नाही. कापूस वेचणारे हात, पहिल्या वेचणीची पूजा म्हणजे सीतादही, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. आणि मागे तिचा आवाज, अस्सल वऱ्हाडी. हीच पोरगी तालुक्याच्या कॉलेजात तोंड उघडत नाही, कारण 'मले-तुले' म्हटलं की वर्ग हसतो. इन्स्टाग्रामवर मात्र कोल्हापूरकडची एक मुलगी तिला म्हणते, अजून बोल. दोघी कधी भेटलेल्या नाहीत.

"आत्या, अठी माह्यं कोन आयकते? थे सारं आयकते."

या वाक्यानं माझी झोप उडाली आहे.

गावात पोरांना पार आहे, पानठेला आहे, रात्री दहापर्यंत बसले तरी कोणी हटकत नाही. पोरगी घरी आली की भांडी, सैपाक. मैत्रिणीकडे निघाली तर "कायले चालली?" २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. पुढं लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी म्हणून फोन पोरींच्या हाती आला, तेव्हा कुठं त्यांना बसायला जागा मिळाली. नावही तिनं आमच्याच धाकानं लपवलं. उद्या कोणी गावच्या ग्रुपवर टाकलं तर बोल तिलाच लागणार ना?

धोके मलाही दिसतात. एक व्हिडिओ खूप चालला, पुढचे चार पडले, तर पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. काय वर चढवायचं ते कंपनीचं गणित ठरवतं, आणि ही समजते आपलंच काही चुकलं. फिल्टरमधला उजळ चेहरा पाहून स्वतःचा सावळा रंग तिला खुपायला लागलाय, याचं मला फार वाईट वाटतं. गोड बोलून फोटो मागणारे आणि मग धमकावणारेही असतात. पण तसं घडलंच, तर फोन जाईल या भीतीनं ती आपल्याला सांगेल का? अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, हे तरी आपण घरात कधी सांगितलं?

काल भावाला शेजारी बसवून माझ्या फोनवर सीतादहीचा व्हिडिओ लावला. तो दोनदा म्हणाला, "हे आपली पोट्टी बोलून रायली काय?"

फोन अजून कपाटातच आहे. आज संध्याकाळी मी पुन्हा जाणार आहे.