परदेशातल्या भारतीयांचा प्रचार आणि एक फिरता संदेश

निवडणूक जाहीर झाली की एक संदेश हटकून फिरू लागतो. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी तो आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावरही आला. देश सोडून गेलेल्यांनी इथे कोणाला मत द्यावे हे सांगू नये, कारण त्यांचे नागरिकत्व गेले आहे, त्यांचा पैसा परकीय आहे, मतदानाला ते येत नाहीत आणि निकालाचे परिणाम त्यांना भोगावे लागत नाहीत, असा त्याचा आशय. त्याच गटावर मस्कतमध्ये वर्कशॉपमध्ये काम करणारा माझा चुलतभाऊ आहे. त्याने संदेश वाचला आणि काहीही लिहिले नाही. त्याचे ते गप्प राहणे मला लागले, म्हणून हे उत्तर.

नागरिकत्वाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे गैरसमज त्यातूनच निघतात. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार एखाद्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, तरच त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. नोकरीसाठी परदेशी राहिल्याने ते संपत नाही. आखाती देशांत तर वीस-पंचवीस वर्षे राबूनही तिथले नागरिकत्व मिळण्याची सोय जवळजवळ नाही, त्यामुळे तिथे गेलेला आपला माणूस शेवटपर्यंत भारतीयच राहतो. गोव्यात हा फरक एकाच घरात दिसू शकतो : थोरला भाऊ कुवेतमध्ये भारतीय पासपोर्टवर, तर धाकटा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडमध्ये. धाकट्याचा इथला मताधिकार गेला, आणि पुढे त्याने परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड काढले तरी तो अधिकार परत मिळत नाही. थोरल्याचा मात्र शाबूत आहे. संदेश या दोघांना एकाच दावणीला बांधतो.

पैशाबाबतही कायदा हीच रेषा ओढतो. २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याने राजकीय पक्षांना आणि उमेदवारांना परकीय स्रोताकडून देणगी घेण्यास बंदी केली आहे, आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९ब तेच सांगते. परदेशी नागरिक हा परकीय स्रोत ठरतो, मग त्याचे आजोळ साताऱ्याचे का असेना. परंतु परदेशात राहणारा भारतीय नागरिक परकीय स्रोत ठरत नाही. त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पक्षाला हजार रुपये दिले, तर ती भारतीय नागरिकाचीच देणगी असते. परकीय पैशाची खरोखर चिंता असेल, तर दिल्ली उच्च न्यायालयाचा मार्च २०१४ चा निकाल आठवावा. परकीय कंपनीशी संबंधित भारतीय कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी परकीय योगदानाच्या आधीच्या, १९७६ च्या कायद्याचा प्रथमदर्शनी भंग केल्याचे न्यायालयाने म्हटले होते. त्यानंतर २०१६ मध्ये परकीय स्रोताची व्याख्याच बदलण्यात आली आणि २०१८ मध्ये तो बदल थेट १९७६ पासून लागू करण्यात आला. ज्या वाटेने मोठा पैसा येतो ती अशी मोकळी झाली, आणि संदेशात बोट दाखवले जाते ते मस्कतच्या फिटरकडे.

‘मतदानाला येत नाहीत’ हे विधान आकड्यांपुरते खरे आहे. २०२४ मध्ये परदेशस्थ मतदार म्हणून १,१९,३७४ जणांची नोंद होती आणि प्रत्यक्ष मतदान २,९५८ जणांनी केले. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. पण या आकड्यांतून अनास्थेचा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. २०१० च्या दुरुस्तीपूर्वी या नागरिकांना मताधिकार बजावण्याची तरतूदच नव्हती. आता नमुना ६अ भरून यादीत नाव लागते, मात्र मत देण्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर व्हावे लागते. टपाली मत नाही, वकिलातीत पेटी नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केले, पण राज्यसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच रद्दबातल झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे मतदान ७ मे रोजी होते. माझ्या भावाची रजा गणपतीसाठी राखून ठेवलेली होती, आणि एका दिवसाच्या मतासाठी वेगळी रजा व विमानाचे तिकीट त्याच्या पगाराला झेपणारे नव्हते. म्हणून आदल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याने वाडीतल्या चौदा घरांत एकामागून एक फोन केले. काकूला केंद्र शाळेच्या कोणत्या खोलीत आहे ते सांगितले, तरुण पोरांशी रस्त्यावरून आणि पाण्याच्या योजनेवरून वाद घातला, आपला उमेदवार का बरा हे पटवून देण्याचा प्रयत्न केला. ज्याला पेटीपर्यंत पोहोचण्याची वाट नाही, त्याच्याकडे उरतो तो शब्द. तोही वापरू नकोस, असे आपण त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

परिणाम भोगावे लागत नाहीत, या म्हणण्याला फार उत्तराची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून आलेल्या रकमांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. हा पैसा पाठवणाऱ्या कितीतरी जणांचे आईवडील इथल्याच सरकारी दवाखान्यात जातात, मुले इथल्याच शाळेत शिकतात. २०२० मध्ये विमाने बंद झाली तेव्हा आखातात अडकलेल्या कामगारांना दिल्लीच्या निर्णयाची वाट पाहतच दिवस काढावे लागले.

संदेशातली एक काळजी मला मान्य आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांच्या संघटना इथल्या पक्षांसाठी काम करतात, तेव्हा ते उघड असायला हवे. ‘ओव्हरसीज फ्रेंड्स ऑफ बीजेपी’ या भाजपच्या परदेशातील समर्थकांच्या संघटनेच्या अमेरिकेतील शाखेने २०२० मध्ये तिथल्या परकीय हस्तक नोंदणी कायद्याखाली नोंद केली, त्यामुळे कोण कोणासाठी काम करते हे कागदावर आले. असा उघडेपणा सर्वच पक्षांच्या परदेशी शाखांकडून आपल्याकडेही मागितला गेला पाहिजे. तेव्हा हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी त्यातले ‘देश सोडून गेलेले’ हे शब्द काढून ‘परदेशी नागरिकत्व घेतलेले’ असे लिहावे आणि मुद्दा पैशापुरता व उघडेपणापुरता ठेवावा. मग तो मीही आमच्या गटावर पाठवीन, आणि माझ्या भावालाही त्याखाली निःसंकोच लिहिता येईल.