फुल रेंज, नेट गायब

लॅपटॉपवर वायफायला फुल रेंज आणि पान नुसतं गरगर फिरतंय! कस्टमर केअरचं एकच पालुपद: ‘राउटर बंद करून चालू करा.’ अहो, त्याच वायफायवर मोबाईल पळतोय ना? मग लॅपटॉपकडे बघा की! विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी टिक काढा. (काही लॅपटॉपांत हा टॅबच नसतो, घ्या!) तरी तुटतंय? राउटरच्या पत्त्यावर, बऱ्याच घरी १९२.१६८.१.१, पिंग (कमांड प्रॉम्प्टमधून ‘आहेस का?’ विचारणारी कमांड) चालू ठेवा. तिथेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर दोष घरातलाच. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर अख्खी सोसायटी कोंबलेली. राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६, ११ पैकी मोकळा चॅनल (पट्ट्यातली लेन) धरा, नाहीतर सरळ ५ गिगाहर्ट्झवर जा. आणि तो राउटर टीव्हीच्या मागे कुणी दडपलाय?