धुकं उठलंच नाही तर कॅथीड्रल दिसणार कसं?

सध्या एक मेसेज फिरतोय: देब्युसी आणि रॅव्हेल हे फ्रेंच संगीतकार म्हणजे पियानोवरचा निसर्ग, ताल मोजू नका, पेडल (पायाने दाबून सूर लांबवायची पट्टी) सोडू नका, पाण्यासारखं वाहू द्या, देब्युसीचं ‘क्लेर द ल्यून’ (म्हणजे ‘चांदणं’) तर चांदणं बघत एका रात्रीत लिहिलंय. पाठवणारे पाठवोत. पण माझ्या भाचीने हे मनावर घेतलंय आणि तिच्या वाजवण्याचा नुसता काला झालाय, म्हणून लिहितेय.

सगळ्यात घातक मुद्दा तालाचा. देब्युसीच्या १९१० सालच्या प्रिल्यूड्समध्ये, म्हणजे छोट्या पियानो-रचनांच्या संग्रहात, बर्फावरच्या पावलांची एक रचना आहे. वेग नेमून दिलाय, मिनिटाला ४४ ठोके. दोन-दोन सुरांचं एक अडखळतं पाऊल जवळजवळ शेवटपर्यंत चालत राहतं. आणि देब्युसीने स्वतः तिथे लिहून ठेवलंय की या लयीचा नाद उदास, गोठलेल्या भूदृश्याच्या पार्श्वभूमीसारखा हवा. या लयीचा, असं म्हणतोय तो! चित्र लयीतच आहे. पहिला सूर आखूड, दुसरा लांब. आखूड सूर सैल पडला की पाऊल गेलं आणि बर्फही गेला. मग डोळे कितीही मिटा.

‘क्लेर द ल्यून’मध्ये पंधराव्या बारवर (मात्रांच्या पंधराव्या गटावर) ‘टेम्पो रुबातो’ लिहिलंय, हे कबूल. तिथे लय ताणायची मुभा आहे. पण सगळीकडेच असती, तर तिथे वेगळं लिहायची गरज काय होती?

पेडलबद्दल अर्धं खरं आहे. देब्युसीने पेडलच्या खुणा फारशा केल्या नाहीत आणि लांबवलेले खर्जाचे सूर पेडलशिवाय टिकत नाहीत. पण त्याच संग्रहातल्या बुडालेल्या कॅथीड्रलच्या रचनेत आधी ‘मृदू नादाच्या धुक्यात’ अशी सूचना येते, आणि थोडं पुढे ‘हळूहळू धुक्यातून बाहेर येत’. पाय पेडलवरून उचलायचाच नाही, तर बाहेर यायचं कसं?

या प्रिल्यूड्सची नावंही त्याने रचनेच्या शेवटी, कंसात, तीन टिंबांनंतर छापली. आधी सूर वाजवा, नाव मागाहून.

राहिलं ते चांदणं. ‘क्लेर द ल्यून’ ज्या संचात आहे, तो १८९०च्या सुमारास सुरू झाला आणि छापला गेला १९०५ साली. म्हणे एका रात्रीत! नाव फ्रेंच कवी व्हर्लेनच्या १८६९ सालच्या संग्रहातल्या कवितेचं. तिच्यात चांदणं आहेच, पण त्याआधी मुखवटे घातलेली, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत नाचणारी, आतून उदास माणसं येतात. मेसेजमध्ये त्यांचा पत्ताच नाही.